एम्बोलायझेशननंतरही किडनीतली गाठ ‘तेवढीच’ दिसते, म्हणजे नेमकं काय?

प्रश्न थोडक्यात असा आहे. डोंबिवलीच्या ४३ वर्षांच्या बाईंच्या उजव्या किडनीत ८ सेंटिमीटरची अँजिओमायोलिपोमा जातीची गाठ सापडली. मुंबईत अँजिओग्राफीच्या मार्गाने एम्बोलायझेशन करून गाठीचा रक्तपुरवठा बंद केला. तीन महिन्यांनी घराजवळच्या सेंटरमध्ये सोनोग्राफी केली, तर रिपोर्टात ‘गाठ ७.६ सेमी, विशेष फरक नाही’ असं आलं. त्यांचे भाऊ विचारतात: उपचार फुकट गेला का? आता सीटी करायचा की एमआरआय, किती वेळा, आणि क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी) १.३ असताना डाय, म्हणजे स्कॅनमध्ये रक्तवाहिन्या उजळवणारं औषध, दिलेली चालेल का?

उपचार फुकट गेला, असं या रिपोर्टावरून म्हणता येत नाही. यशस्वी झाला असंही म्हणता येत नाही. कारण त्या सोनोग्राफीत गाठ केवढी आहे एवढंच पाहिलंय. आपल्याला हवंय ते वेगळंच: गाठीत अजून रक्त फिरतंय का, आणि फिरत असेल तर कुठल्या भागात.

अँजिओमायोलिपोमात तीन गोष्टी एकत्र असतात: चरबी, मांसल भाग म्हणजे गुळगुळीत स्नायूंच्या पेशी, आणि वेड्यावाकड्या, कमकुवत रक्तवाहिन्या. ही गाठ सहसा साधी असते, कॅन्सरची नसते. भीती असते ती रक्तस्रावाची. या वाहिन्यांच्या भिंतीत लवचिक थर नीट तयार झालेला नसतो, म्हणून त्यांना फुगवटे येतात आणि एखादा फुटतो. ४ सेमीपेक्षा मोठी गाठ किंवा ५ मिलिमीटर व त्याहून मोठा फुगवटा असला की आपण सावध होतो, ते यासाठीच. एम्बोलायझेशनमध्ये बारीक कण, अल्कोहोल किंवा गोंदासारखं द्रव्य सोडून या वाहिन्या आतून बंद करतात. मग वाहिन्या आणि मांसल भाग सुकत जातो. चरबी मात्र मुळातच कमी रक्तावर जगणारी, ती तिथेच राहते. म्हणून जिची बहुतेक जागा चरबीनेच व्यापली आहे ती गाठ एम्बोलायझेशननंतर फारशी लहान होत नाही, आणि तरीही तिच्यातून रक्तस्राव होण्याची भीती बरीच कमी झालेली असते. मांसल भाग जास्त असलेली गाठ पहिल्या वर्षात चांगली आक्रसते. आधीच्या सीटीत तुमच्या बहिणीच्या गाठीत चरबी किती आणि मांस किती होतं हे पाहिल्याशिवाय ७.६ या आकड्यावरून काहीच ठरवता येत नाही.

दुसरं, एकाच दिशेचं माप फसवतं. समजा गाठ आधी ८ × ७ × ७ सेमी होती आणि आता ६ × ५.५ × ५ झाली. सगळ्यात लांब माप घेतलं तर ८ वरून ६, म्हणजे पाव भाग कमी. पण तिन्ही मापांचा गुणाकार करून ०.५२ ने गुणलं की घनफळ मिळतं: आधी सुमारे २०४ मिलिलिटर, आता सुमारे ८६. म्हणजे निम्म्याहून जास्त गाठ गेली! रिपोर्टात तिन्ही मापं मागा, आणि दर वेळी ती त्याच प्रकारच्या तपासणीतली असू द्या. सोनोग्राफीत ही गाठ पांढरीशुभ्र दिसते, आणि किडनीच्या बाहेर वाढलेला भाग भोवतालच्या चरबीत असा मिसळतो की कड कुठे संपते हे सांगणं कठीण. माणूस बदलला, प्रोब जरा तिरका धरला, की अर्धा सेंटिमीटर सहज इकडचा तिकडे होतो. सीटीतलं ८ आणि सोनोग्राफीतलं ७.६ यांची वजाबाकी करण्यात अर्थ नाही.

म्हणून पहिली खरी तपासणी डाय देऊन केलेला सीटी किंवा एमआरआय हवी, साधारण तीन महिन्यांनी. त्याआधी केली तर सूज आणि साकळलेलं रक्त यांनी चित्र गढूळ असतं.

सीटी करायचा असेल तर तो कसा करायचा हे चिठ्ठीवर स्पष्ट लिहिलेलं हवं. नुसतं ‘सीटी ॲब्डोमेन विथ कॉन्ट्रास्ट’ लिहिलं तर बऱ्याच ठिकाणी डायनंतरचा एकच फेज (ठरावीक क्षणी काढलेली चित्रं) काढून मोकळे होतात, आणि तो सीटी या कामाला जवळजवळ निरुपयोगी. तीन फेज लागतात. आधी डाय न देता प्लेन. मग डाय सोडल्यावर सुमारे ३० सेकंदांनी धमनीचा फेज. मग ९० ते १०० सेकंदांनी किडनीचा फेज, ज्यात सगळी किडनी एकसारखी उजळते. लघवीतून रक्त जात असेल किंवा लघवी गळत असल्याची शंका असेल तरच पाच-दहा मिनिटांनंतरचा चौथा फेज, नाहीतर विनाकारण जास्तीचे किरण. धमनीचा फेज १ मिलिमीटरच्या आसपासच्या पातळ कापांत हवा. ५ मिमीच्या जाड कापांत ५ मिमीचा फुगवटा शोधायला गेलात तर तो दोन कापांत वाटला जाऊन पुसट होतो. कोपराच्या खोबणीत १८ किंवा २० नंबरची सुई लावा आणि डाय सेकंदाला ३.५ ते ४ मिलिलिटर वेगाने द्या. मनगटावरच्या बारीक सुईतून हळूहळू सोडलेल्या डायने धमनीचा फेज फिका येतो, आणि फिक्या फेजवर ‘रक्तप्रवाह दिसत नाही’ असं लिहिलं जातं. छायाचित्रण छातीच्या पडद्यापासून ओटीपोटातल्या धमनीच्या फाट्यापर्यंत घ्यावं. किडनीला एकापेक्षा जास्त धमन्या असणं काही दुर्मीळ नाही, आणि गाठीला रक्त देणारी एखादी जास्तीची धमनी बरीच खालून निघालेली असू शकते.

प्लेन फेज का सोडायचा नाही, याचं एक खास कारण आहे. अनेकदा अल्कोहोल किंवा गोंद लिपिओडॉलमध्ये मिसळून सोडतात. लिपिओडॉल म्हणजे आयोडीन घातलेलं खसखशीचं तेल. ते गाठीत महिनोन्‌महिने राहतं आणि सीटीत पांढरं चमकतं. प्लेन फेज नसेल तर पाहणाऱ्याला वाटतं की गाठ डाय घेतेय, म्हणजे जिवंत आहे. इथे नुसत्या नजरेवर विसंबू नये, आकडा मोजावा. सुमारे एक चौरस सेंटिमीटरचं वर्तुळ गाठीच्या एकाच जागी प्लेनमध्ये आणि डायनंतरच्या फेजमध्ये ठेवायचं. उदाहरणार्थ, एका जागी प्लेनमध्ये ३६ युनिट (सीटीतलं घनतेचं माप, हाउन्सफील्ड) आणि डायनंतर ४१: फरक ५, म्हणजे तो भाग मेलेला. दुसऱ्या जागी प्लेनमध्ये ३१०, नंतर ३१२: ते लिपिओडॉल, तेही मेलेलंच. तिसऱ्या जागी ३८ वरून ९६: तिथे रक्त खेळतंय. फरक २० युनिटपेक्षा जास्त असेल तर जिवंत धरायचं, १० ते २० मध्ये असेल तर एमआरआयने खात्री करायची. वर्तुळ अर्धं चरबीत आणि अर्धं मांसल भागात पडलं तर आकडा खोटा येतो, कारण चरबीचं माप उणे १० च्याही बरंच खाली असतं आणि ती सरासरी खाली ओढते. काही नव्या मशीनवर ड्युअल एनर्जी तंत्राने प्लेन फेज प्रत्यक्ष न काढता गणिताने तयार करतात. इथे तो चालत नाही, कारण ते गणित आयोडीन वजा करतं आणि लिपिओडॉलमध्येही आयोडीनच आहे. ते तेलही पुसून टाकलं जातं.

एमआरआय माझ्या मते या पाठपुराव्यासाठी अधिक चांगला, विशेषतः वय कमी असेल आणि वर्षानुवर्षं तपासण्या करायच्या असतील तेव्हा. किरण नाहीत, आणि चरबी वेगळी ओळखता येते. इन-फेज आणि आउट-ऑफ-फेज अशी दोन चित्रं काढतात; त्यातल्या आउट-ऑफ-फेज चित्रात चरबी आणि पाण्याच्या सीमेवर शाईने ओढल्यासारखी काळी रेघ येते, फॅट-सप्रेशनच्या चित्रात चरबी काळी पडते. पण एम्बोलायझेशननंतर एक गोष्ट घोटाळा करते. मेलेला भाग आणि साकळलेलं रक्त टी-१ या प्रकारच्या एमआरआय चित्रात मुळातच पांढरं असतं, डाय दिली काय न दिली काय. म्हणून डायनंतरच्या चित्रातून आधीचं चित्र वजा करून सबट्रॅक्शन बनवायला सांगा. वजा केल्यावरही जे उजळ उरतं तेच खरं. त्यासाठी रुग्णाने दोन्ही वेळा श्वास एकाच ठिकाणी थांबवायला हवा. श्वास सोडून थांबणं जास्त सारखं जमतं. किडनी थोडी जरी सरकली तरी सबट्रॅक्शनमध्ये गाठीच्या एका कडेला चंद्रकोरीसारखी उजळ पट्टी येते आणि ‘कडेला जिवंत भाग उरलाय’ असं वाटतं. तशीच कोर प्लीहेच्या किंवा यकृताच्या कडेलाही दिसत असेल, तर ती श्वासाची चूक आहे, गाठीची नाही. मशीनवर जाण्याआधी तंत्रज्ञाने दोन-तीन वेळा श्वासाचा सराव करून घेतला तर हा सगळा त्रास वाचतो.

कॉइल, म्हणजे वाहिनी बंद करायला आत बसवलेल्या धातूच्या बारीक वेटोळ्या, घातल्या आहेत का, हे डिस्चार्ज कार्डावर बघा. प्लॅटिनमच्या कॉइल सीटीत चांदणीसारख्या रेघा फेकतात आणि शेजारच्या वाहिन्या झाकतात. एमआरआयमध्ये त्याच कॉइलचा फक्त लहानसा काळा डाग दिसतो. ओनिक्स (वाहिनीत घट्ट होणारं द्रव्य) वापरलं असेल तर त्यातल्या टँटलममुळे सीटीत असाच चकाकता गोळा दिसतो. अशा वेळी एमआरआय सरस. एमआरआयला जाताना प्रक्रियेची नोंद आणि कॉइलच्या पाकिटावरचं स्टिकर बरोबर न्या. बहुतेक ठिकाणी ते केसपेपरवर चिकटवलेलं असतं. कॉइल कुठली हे कळलं नाही की सेंटरवाले तपासणी नाकारतात, आणि त्यांचं चूकही नसतं.

रिपोर्टात तीन ठिकाणं नाव घेऊन लिहिलेली असावीत, अशी अपेक्षा ठेवा. एक, गाठीतला उरलेला जिवंत मांसल भाग, त्याच्या मापासह. दोन, फुगवटे: धमनीच्या फेजमध्ये काळ्या चरबीत एखादा ठिपका महाधमनीइतकाच उजळ दिसला आणि पुढच्या फेजमध्ये महाधमनीबरोबरच फिका पडला तर तो फुगवटा, त्याचं माप मिलिमीटरमध्ये. तोच डाग पुढच्या फेजमध्ये पसरत गेला तर रक्त बाहेर येतंय, आणि मग रिपोर्ट टाइप व्हायची वाट पाहायची नाही, थेट फोन करायचा. तीन, बाकीची किडनी. एम्बोलायझेशनच्या वाटेवर निरोगी किडनीचा थोडा भाग बळी पडतो, तो पाचरीच्या आकाराचा, न उजळणारा दिसतो आणि पुढे आक्रसून खाच पडते. लहान पाचर दिसली म्हणून घाबरू नका. ती किती मोठी आहे हे मात्र लिहिलेलं हवं.

बंद केलेली गाठ पुन्हा रक्त का घेते? जिलेटिनचा स्पंज वापरला असेल तर तो काही आठवड्यांत विरघळतो आणि वाहिनी पुन्हा उघडते. नुसत्या कॉइल मुख्य फांदीत बसवल्या असतील तर पलीकडच्या बारीक वाहिन्या मोकळ्याच राहतात, आणि किडनीच्या वेष्टनातल्या, अधिवृक्क ग्रंथीकडच्या किंवा कमरेच्या धमन्या आडवाटेने त्यांना रक्त पुरवू लागतात. वर कॉइलमुळे पुन्हा आत शिरायची वाटही बंद झालेली असते. काही वेळा गाठीला तीन फांद्यांतून रक्त येतं आणि दोनच बंद केलेल्या असतात. म्हणून पाठपुराव्याचा स्कॅन वाचणाऱ्याच्या हातात अँजिओग्राफीची चित्रं आणि ‘काय, किती, कुठे सोडलं’ ही नोंद असली तर तो नेमका कुठे बघायचं ते जाणतो. ती नसेल तर तो अंदाजाने वाचतो. उरलेल्या जिवंत भागात ५ मिमीचा फुगवटा असेल, किंवा मांसल भाग एका तपासणीपासून पुढच्या तपासणीपर्यंत वाढत असेल, तर पुन्हा एम्बोलायझेशनचा विचार होतो, आणि ते करता येतं.

पहिल्या आठवड्यातला ताप आणि कमरेतलं दुखणं बहुधा मेलेल्या पेशींमुळे असतं, त्यासाठी स्कॅन लागत नाही. त्या दिवसांत कुठल्या कारणाने सीटी झालाच आणि गाठीत हवेचे बारीक बुडबुडे दिसले, तर तेवढ्यावरून पू झाला असं म्हणू नये. ताप आठवड्यानंतरही चढत असेल, थंडी वाजत असेल, पांढऱ्या पेशी आणि सीआरपी (रक्तातली सूज दाखवणारी तपासणी) वाढत असतील आणि कडेने उजळणारी पाण्याची पोकळी दिसत असेल, तर तो गळू समजून नळी टाकायची तयारी करावी लागते. जांघेत टोचलेल्या जागी धडधडणारी गाठ लागली तर त्या जागेचा डॉप्लर त्याच दिवशी.

आता क्रिएटिनिन. ४३ वर्षांच्या स्त्रीचं १.३ म्हणजे ईजीएफआर (किडनी किती गाळते याचा अंदाज) साधारण ५२. सीटीची डाय देताना खरी काळजी ३० च्या खाली घ्यायची असते, ३० ते ४५ मध्ये परिस्थिती पाहून. ५२ ला डाय देता येते. तपासणीच्या आधी आणि नंतर भरपूर पाणी प्यायचं. सेंटरने चार तास उपाशी राहायला सांगितलं असेल तर जेवण टाळा, पाणी तोडू नका. मुंबईच्या दमट उन्हाळ्यात सकाळपासून पाण्याविना, लोकलच्या गर्दीत घाम गाळत आलेल्या माणसाला डाय देणं हे क्रिएटिनिन १.३ असण्यापेक्षा वाईट. आठवडाभर आधीपासून पेनकिलर बंद. १.३ हा आकडा प्रक्रियेच्या आधीचा आहे की नंतरचा, हे बघा. आधी ०.८ असेल आणि आता १.३, तर ती वाढ स्वतंत्रपणे तपासायला हवी. एमआरआयमध्ये गॅडोब्युट्रॉल किंवा गॅडोटेरेट या डाय किलोमागे ०.१ मिलिमोल या नेहमीच्या मात्रेत देतात, या ईजीएफआरला ती सुरक्षित आहेत. दोन्ही डाय नकोशा असतील तर कॉन्ट्रास्ट सोनोग्राफी हा तिसरा मार्ग. त्यात सल्फर हेक्साफ्लोराइडचे सूक्ष्म बुडबुडे शिरेतून देतात, ते श्वासावाटे बाहेर जातात, किडनीवर भार नाही. गाठ खोल असेल किंवा अंगाने जाड असेल तर चित्र नीट मिळत नाही. एकच किडनी चांगली असेल, किंवा दोन्हींत गाठी असतील, तर कुठली किडनी किती काम करते हे डीटीपीए स्कॅनने (प्रत्येक किडनीचं काम वेगळं मोजणारी तपासणी) पाहून ठेवावं, कारण क्रिएटिनिन उशिरा बोलतं.

वेळापत्रक केंद्रागणिक थोडं बदलतं. मी सांगेन ते असं: तीन महिन्यांनी एमआरआय, त्यात काही जिवंत उरलं असेल तर सहा महिन्यांनी पुन्हा, नाहीतर थेट वर्षाने. मग दर वर्षी, किमान पाच वर्षं. त्यापुढे चित्र शांत असेल तर अंतर वाढवता येतं, पण तपासणी सोडून देऊ नये, कारण गाठ काही वर्षांनीही पुन्हा वाढू शकते. सरकारी आणि पालिकेच्या रुग्णालयांत एमआरआयची तारीख बरीच पुढची मिळते, म्हणून पुढची तारीख आजच्या रिपोर्टाबरोबरच घेऊन ठेवा. मधल्या काळात सोनोग्राफी करायला हरकत नाही, पण तिच्या एकटीच्या जोरावर ‘सगळं ठीक’ किंवा ‘फसलं’ ठरवू नका.

एक गोष्ट विचारायची राहून जाते. दोन्ही किडन्यांत गाठी, लहानपणी फिट्स, नाकाभोवती लालसर पुटकुळ्या, असं काही असेल तर ट्युबरस स्क्लेरोसिसची शंका घ्यावी. मग पाठपुरावा आयुष्यभराचा, दर एक ते तीन वर्षांनी एमआरआय. प्रौढ स्त्री असेल तर फुप्फुसांचा एचआरसीटीही (बारीक कापांचा सीटी), आणि वाढणाऱ्या गाठींसाठी एव्हेरोलिमससारख्या गोळ्यांचा विचार. त्या गोळ्यांचा परिणाम घनफळावरच मोजतात, आणि त्या बंद केल्यावर गाठी पुन्हा वाढू शकतात. तुमच्या बहिणीची एकच गाठ आहे असं दिसतं, तरी हे तीन प्रश्न डॉक्टरांना विचारून टाका. आणि गाठीत चरबी स्पष्ट दिसलीच नव्हती, नुसत्या अंदाजाने अँजिओमायोलिपोमा म्हटलं होतं, असं असेल तर बायोप्सीची चर्चा आधी करा. किडनीच्या कॅन्सरमध्ये केलेल्या एम्बोलायझेशनचा पाठपुरावा पूर्ण वेगळा असतो, त्यात छातीचाही सीटी लागतो.

परळच्या मोठ्या रुग्णालयात दाखवायला जाताना फिल्म नेऊ नका असं नाही, पण सीडी किंवा पेनड्राइव्ह हवाच. फिल्मवर वरचं वर्तुळ ठेवून आकडा मोजता येत नाही. शिवाय हल्लीच्या ड्राय फिल्म उन्हात, गाडीच्या काचेजवळ राहिल्या की काळवंडतात. तपासणी संपताच सेंटरला ‘सगळ्या फेजचा पूर्ण डायकॉम डेटा द्या’ असं सांगा (डायकॉम म्हणजे स्कॅनच्या मूळ चित्रांचा फाइल प्रकार). अनेकदा निवडक वीस-पंचवीस चित्रंच सीडीवर टाकलेली असतात. घरी गेल्यावर ती दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून पाहा, आणि प्रक्रियेच्या आधीचा सीटी, अँजिओग्राफी आणि आजचा स्कॅन एकाच फोल्डरमध्ये तारखेनिशी ठेवा.

तुमच्या बाबतीत या आठवड्यात करायचं ते एवढंच: प्रक्रियेच्या आधीच्या सीटीची सीडी आणि एम्बोलायझेशनची नोंद मिळवा, ज्यांनी प्रक्रिया केली त्यांच्याकडून चिठ्ठी घ्या, आणि तीवर हे लिहून घ्या: ‘उजव्या किडनीतील अँजिओमायोलिपोमा, एम्बोलायझेशननंतर तीन महिने. डायनॅमिक एमआरआय सबट्रॅक्शनसह. उरलेला जिवंत भाग, फुगवटे, तिन्ही मापं. जुन्या सीटीशी तुलना.’ मधल्या काळात अचानक कमरेत एका बाजूला जोरात कळ आली, चक्कर, घाम, पोट टणक होणं किंवा लघवीतून लालभडक रक्त दिसलं, तर एमआरआयच्या तारखेची वाट पाहू नका. जवळच्या, सीटी चोवीस तास चालू असलेल्या रुग्णालयात थेट कॅज्युअल्टीत जा आणि दारातच सांगा की किडनीच्या गाठीचं एम्बोलायझेशन झालेलं आहे.